मैलकाकांचे वाचलेले दोन तास

विमानाच्या तिकिटांच्या त्या चिंचोळ्या कचेरीत एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला सगळे मैलकाका म्हणत. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मधलं अंतर आणि लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र विमानात कधी पाय ठेवला नव्हता. "काका, तुमचं म्हणजे लग्न न करता संसाराचे सल्ले देणं," असं शेजारच्या टेबलावरची मुलगी चिडवायची आणि काकाही हसायचे.

गिऱ्हाइकाला त्यांचा एकच दम असे. "विमान बदलायचंय ना? मग मध्ये तीन तास हवेत. एक मिनिट कमी चालणार नाही." लोक कुरकुरत. काका बधत नसत.

एका सकाळी परदेशातून जावयाचा फोन आला. काकांची एकुलती एक लेक आठवडाभर तिथल्या दवाखान्यात होती. "बाबा, आजच निघा. डॉक्टरांनी हात टेकलेत."

थेट विमान पहाटेच गेलं होतं. मध्ये बदलायची दोन उरली. एकात मध्ये तीन तास मिळत होते, दुसऱ्यात पन्नास मिनिटं. काकांनी पन्नास मिनिटांचं घेतलं. शेजारची मुलगी नुसतं "अहो काका..." म्हणाली, तर तिच्यावर खेकसले. लेकीजवळ दोन तास आधी पोचणार होते ना! अशा वेळी बापाला कसली अक्कल सुचते?

मधल्या विमानतळावर विमान वेळेवर उतरलं, पण इमारतीपासून लांब उभं राहिलं. बस आली, भरेपर्यंत थांबून राहिली. पुढे तपासणीची रांग. पट्टा काढा, बूट काढा. काका बूट हातात घेऊन धावले, तेव्हा दार बंद झालं होतं आणि काचेपलीकडे विमान अजून उभंच होतं. दोन तासांनी सुटणारं, तीन तासांवालं विमान भरलेलं. पुढची जागा चौदा तासांनी.

तेवढ्यात लेकीनं जावयाकरवी काकांना फोन लावला. आवाज कसाबसा निघत होता.

"बाबा, बसलात?"

एकतीस वर्षांत कुणाला चुकीची वेळ न सांगितलेला माणूस म्हणाला, "बसलो गं. निघतंच आहे."

"म्हणजे पाच तास दहा मिनिटं. वर दीड तास, बाहेर पडून इथवर यायला." लहानपणी कचेरीत बापाच्या टेबलाशी बसून तिनं हे सगळं पाठ केलं होतं. "सहा चाळीस. थांबते मी."

काका पोचले दुसऱ्या दिवशी. जावयानं त्यांना रिकाम्या पलंगाशेजारी बसवलं. उशाच्या स्टुलावर तिचं मनगटी घड्याळ होतं.

"ते तिनं समोर ठेवून घेतलं होतं," जावई म्हणाला. "सहा तास चाळीस मिनिटं डोळा लागू दिला नाही. मग म्हणाली, बाबांची वेळ कधी चुकत नाही. ते येऊन गेले असणार, मलाच झोप लागली असेल. उठवलं का नाहीस, म्हणून माझ्यावर रागावली. आणि मिटले डोळे."