एका शब्दाचं भाषांतर

ओसाकाला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी मुक्ता मला तिच्या आवडत्या हॉटेलात घेऊन गेली. जेमतेम आठ माणसं बसतील एवढीच जागा. समोर निखाऱ्यांवर बांबूच्या काड्यांना टोचलेले कोंबडीचे तुकडे भाजत होते. भाजणारे म्हातारे गृहस्थ काड्या फिरवता फिरवता मुक्ताशी जपानीत गप्पा मारत होते, आणि ती खळखळून हसत होती. तिचं असं हसणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, ते विचारतायत, मी लहानपणी कशी होते?"

मी आठवू लागलो. बदलीच्या गावाहून मी महिन्यातून एकदा घरी यायचो, तेव्हा ती अभ्यासाला बसलेली असायची. गप्प मुलगी म्हणजे गुणी मुलगी, असंच मी समजत आलो. ती कशाला घाबरायची, कशावरून रुसायची, काहीच आठवेना. आपण मुलांना बोलायला शिकवतो. मग त्यांचं ऐकायला कुणी परकंच का भेटावं लागतं?

धुराचं निमित्त करून मी चष्मा पुसला.

"हुशार होती म्हणून सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून बोलू लागली, आणि बराच वेळ बोलतच राहिली. म्हाताऱ्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहून आदरानं मान लववली.

माझ्या एका शब्दाचं तिनं एवढं काय केलं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.