मिस्त्री आलीय

अन्याय झाला तो महानंदा मिस्त्री यांच्यावर. गेल्या अक्षय तृतीयेला, सकाळी, दूध उतू घातल्यावर आणि पाहुण्यांची पानं मांडायच्या आधी. ठिकाण, बीदरच्या मैलूर भागातलं आमचं दोन खोल्यांचं घर. त्या घराची एकूण एक फरशी जिनं गुडघ्यांवर बसून घातली, तिच्या देखत मिस्त्रीच्या मानाचा टॉवेल, टोपी, नारळ तिच्या दिराला दिला गेला. साक्षीदार घरभर होते. त्यातली एक मी, घरची मालकीण. हे आधीच नोंदवून ठेवते. आठवणी लिहायला बसलं की माणसं गोड होत जातात आणि गुन्हे विरघळतात.

सगळे तिला फरशीअक्का म्हणत. अक्का फरशीचं ऐकायची. बसवलेल्या प्रत्येक दगडावर थापीचा दांडा ठोकायची, मान वाकडी करायची आणि थांबायची. आवाज भरीव आला की पुढं सरकायची. पोकळ आला की चेहरा असा करायची, जणू कुणी तिच्या तोंडावर खोटं बोललं. "ही खोटं बोलायलीय," म्हणायची, आणि बसलेली फरशी उचकटून, खालचा माल सारखा करून पुन्हा बसवायची. एकदा एकच दगड तिनं चार वेळा काढला. माझा नवरा सोमू म्हणाला, "अक्का, असू द्या की, वर पलंगच येणार आहे." ती म्हणाली, "पलंगाखाली खोटं बोललेलं चालतंय व्हय तुमाला?" सोमूनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या दिवसापासून पलंगाखाली झाडू मारते.

घराची गोष्ट सांगते. सोमू हुमनाबादकडचा, घरी कानडी बोलणारा लिंगायत. मी भालकीची, मराठी, धनगराची. आमच्या लग्नाला दोन्हीकडून कुणी आलं नव्हतं. दीड वर्ष भाड्याच्या खोलीत काढलं आणि मग हे घर मिळालं. आधीचा मालक इथं पापड लाटून घ्यायचा. भिंतींना हिंगाचा वास, जमिनीला खड्डे, स्वयंपाकघरात उजेड नाही. लोकांनी नाकं मुरडली. आम्ही दोघं रिकाम्या खोलीत उभे राहून वेड्यासारखे हसत होतो. हिंगाचा असला तरी वास आमचा होता!

कामाचं बोलायला आला गुंडूमिस्त्री, अक्काचा दीर. पट्ट्याला मोजायची टेप अडकवलेली, बोलणं गुळगुळीत. टेप लावली, मान हलवली, मोटारसायकल काढली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून गड्याचा शर्ट, हातात सिमेंटची रिकामी गोणी आणि त्यात हत्यारं. मी विचारलं, "मिस्त्री कधी येणार?" तिनं गोणी खाली ठेवली, मला खालीवर बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री आलीय. च्या टाक."

मी बांधकाम मजूर बायांच्या हक्कांची पत्रकं लिहिते. बसस्टँडवर वाटते. 'बाई म्हणजे बिगारी नव्हे' हा मथळा माझाच. आणि माझ्याच दारात मी काय विचारलं ते वर लिहिलंच आहे. तो पहिला चहा मी तिला कपबशीत दिला, सोमूला स्टीलच्या पेल्यात. तेवढीच भरपाई सुचली.

त्यानंतरचे दिवस! मी तसे दिवस पुन्हा पाहिले नाहीत. कामावरून सुटले की धावत घरी यायचे, आज काय झालं ते बघायला. अक्का भिंतीवर हात फिरवत स्वयंपाकघरात फिरली आणि पूर्वेच्या भिंतीपाशी थांबली. "ही भिंत खिडकी मागायलीय." आमच्या मनात खिडकी नव्हतीच. पण भिंत मागतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? तिनं घण माझ्या हातात दिला. "पैला घाव घरवालीचा. मार. भिऊ नगं, भिंत सासू न्हाई तुझी." मी मारला. तिसऱ्या घावाला वीट पलीकडं पडली आणि पापडाच्या त्या अंधारात उन्हाचा एक चौकोन सरळ माझ्या पायावर आला. सोमू नाचायला लागला. शेजारची खाला गच्चीवरून ओरडली, "क्या हुआ रे, लडका हुआ क्या?" अक्का ओरडली, "खिडकी हुई!"

पातळी काढायला तिच्याकडं पाण्यानं भरलेला पारदर्शक पाइप होता. एक टोक तिनं सोमूच्या हातात दिलं, एक माझ्या. दोघं दोन कोपऱ्यांत. त्याच दिवशी आमचं भांडण झालेलं, रंगावरून. मला आकाशी, त्याला बदामी. दोघांची तोंडं फुगलेली. अक्का मधे कंबरेवर हात ठेवून उभी. "हलू नगा. पाणी निवू द्या." पाणी वरखाली होत राहिलं, मग दोन्हीकडं सारख्या उंचीवर थांबलं. "बगा," ती म्हणाली, "पाण्याला कानडी येत न्हाई, मराठी येत न्हाई. दोगं गप उभं राह्यलं की आपोआप जुळतंय." मग भिंतीवर खूण करून पुढं म्हणाली, "अन् रंग पिस्ता लावा. दोगांचंबी ऐकायचं न्हाई, म्हंजे दोगंबी खूश."

रंगाचा खरा प्रकार पुढंच आहे. घरभरणीच्या स्वयंपाकासाठी मी यादी केली. डाळ, गूळ, रवा, गोडे तेल पाच लीटर. सोमूला मराठी येतं, लग्नानंतर शिकला, वाचतोसुद्धा. पण कानडीत गोडे म्हणजे भिंत. भिंतीचं तेल! त्यानं डोकं चालवलं, किराणा घेतला आणि वर रंगाच्या दुकानात जाऊन पाच लीटर ऑइल पेंट घेतला, पोपटी. घरी येऊन डबा ठेवला तो विजयी वीरासारखा. मी झाकण बघितलं आणि खाली बसले. अक्काला कानडी, मराठी दोन्ही यायचं. तिला आधी कळलं. ती हसली ती अशी, की थापी हातातून पडली. "अण्णा," म्हणाली, "ह्यात भजी तळली तर पावणे हिरवेगार व्हतील."

दुकानदार डबा परत घेईना. अक्का म्हणाली, "रंगाऱ्याचं काम न्हाई माझं, पण वाया कामून घालवायचं?" स्वयंपाकघरात कंबरेच्या उंचीपर्यंत तिनं पोपटी पट्टा ओढला, वर दोरी मारून सरळ रेघ. ओट्यामागं तेलाचे डाग पडले तर पुसून निघतात. असं देखणं स्वयंपाकघर अख्ख्या मैलुरात नाही, आणि ते चुकून झालं आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भाकरी खायचो. एकदा तिनं नुसतंच सांगून टाकलं. बापाबरोबर फरशीचं काम शिकली. लग्न होऊन ठाणाकुशनूरला आली तेव्हा गुंडूला ढाळ, म्हणजे पाणी निघून जायला फरशीला द्यायचा उतार, कळत नव्हता. तिनं शिकवलं. त्यानं टेप घेतली आणि मिस्त्री झाला. "इतक्या घरांत फरशी घातली पोरी, एक घर माज्या नावावर न्हाई. सगळी गुंडूमिस्त्रीची." मग हळू म्हणाली, "भालकीचा तो तुज्या वळखीचा गुरुजी येणार हाय म्हणं तुमच्या घरभरणीला. दुमजली बांधायलाय. मिस्त्री बघायलाय. त्याला तू सांग, हे काम हिचं हाय म्हणून. मी सांगितलं तर लोकाला वाटतंय, बाई दिराशी भांडायलीय. घरवालीनं सांगितलं तर पटतंय." मी म्हटलं, "अक्का, माईक लावून सांगते."

तिनं विश्वास ठेवला. शेवटचे दोन दिवस उरलेल्या तुकड्यांतून तिनं बैठकीच्या मधोमध आठ पाकळ्यांचं फूल बसवलं, निळसर शहाबादी आणि पिवळट फरशी एकात एक. पाकळीची टोकं अशी घासली की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. गुंडू येऊन म्हणाला, "वैनी, फालतू येळ घालवायलीस." ती मान वर न करता म्हणाली, "नाव तुझं हाय ना कामाला? मग बस, तू घाल." तो टेप वाजवत निघून गेला.

अक्षय तृतीया. बसवजयंतीचे ढोल रस्त्यावर, आमच्या दाराला आंब्याचं तोरण, आणि दारात दोड्डप्पा, म्हणजे सोमूचे थोरले चुलते. सोमूच्या घरातलं आमच्या उंबऱ्यावर आलेलं पहिलं माणूस. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं. मला "सोसे" म्हणाले, सूनबाई. दूध उतू गेलं, सगळे हसले, माझी आई रडली. आणि दोड्डप्पांनी खाली बघितलं. फूल बघितलं. "वा! मेस्त्री कुठाय? मेस्त्रीला बोलवा."

गुंडू पांढरा शर्ट घालून दाराशीच उभा होता. दोड्डप्पांनी स्वतःच्या हातानं त्याला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ दिला. गुरुजी पुढं आले. "हे फूल तूच काढलंस?" गुंडू म्हणाला, "व्हय जी, आपलंच काम हाय."

आपलंच! आपल्या भाषेतला हा शब्द किती सोयीचा आहे बघा. त्यात माझंही येतं, आमचंही येतं, आणि जिचं आहे ती तेवढी येत नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या घरात त्या क्षणी बोलायचं होतं ते एकट्या मी. हातात खिरीचा डाव होता. सोसे हा शब्द कानात ताजा होता. दोड्डप्पांना चारचौघांत खोटं पाडलं तर ते उठून जातील, ही भीती होती. मी डाव खिरीत घातला आणि ढवळत राहिले. गुरुजींनी तिथंच गुंडूला काम दिलं. अक्काला माझ्या आईनं इतर बायांबरोबर हळदकुंकू लावून खण दिला.

ती जेवली. नीट, पोटभर जेवली. उठताना फुलाच्या एका पाकळीवर सांडलेली आमटी तिनं पदरानं पुसली आणि गेली.

दोन दिवसांनी आम्ही ठाणाकुशनूरला गेलो. मी माफी मागायला लागले. अक्का भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "तुजं तोंड कागदावर चालतंय पोरी. माणसात न्हाई चालत." तिथून आम्ही भालकीला गुरुजींकडं गेलो आणि खरं सांगितलं. गुरुजी भला माणूस. ओशाळले. पण म्हणाले, "आता शब्द गेलाय. अन् एकट्या बाईला काम दिलं तर लोक काय म्हणतील?" लोकांनी काय म्हणायचं ते ठरलेलंच असतं, गुरुजी. फरशीचा ढाळ तेवढा ठरवावा लागतो. तुमच्या न्हाणीतलं पाणी मोरीकडं जात नाही, उंबऱ्याकडं येतं, असं ऐकते. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही.

गुंडूच्या मागं पुन्हा थापी धरायची नाही, असं अक्कानं घरभरणीच्या दिवशीच ठरवलं होतं. आज ती हैदराबादला उंच इमारतींत टाइल्स बसवते. तिथल्या हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'हेल्पर' आहे. निघताना ती आमच्याकडं आली होती. खिडकीपाशी बसून चहा प्यायली. दोड्डप्पांना मी सगळं सांगितलं होतं. ते उठून गेले नाहीत. नुसतं म्हणाले, "मग तेव्हाच कामून बोलली न्हाईस?" हे अक्काला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "बोलायला शिकलीस म्हणायचं, उशिरा का व्हईना." मी विचारलं, परत कधी येणार? तिनं बशी खाली ठेवली. "एक घर माज्या नावानं मिळू दे. दुसऱ्या दिवशी येते."

एक घर. एवढंच मागणं आहे, आणि ते मी तुमच्यापुढं ठेवते आहे. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, तुम्ही कुठंही असा. भिंती उभ्या आहेत, गिलावा झालाय, फरशी बाकी आहे, असं तुमचं घर आहे. मला ठाऊक आहे, आहेच. ते काम महानंदा मिस्त्रींना द्या. दिराला, नवऱ्याला, मधल्या माणसाला सांगू नका. त्यांना सांगा, मिस्त्री म्हणून सांगा, आणि शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांगा. पुढच्या शुक्रवारी मी त्यांना आणायला हैदराबादच्या गाडीत बसणार आहे. तोवर बोला, घर कुणाचं?