सातवं पाणी

कचऱ्यावरून कधी कुणाचा मत्सर केलाय तुम्ही? मी केलाय! डिचोलीच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होते, तेव्हाचे हे किस्से. कोपऱ्यात रिकामी पोती साठावीत तसे मनात साठत गेलेत. एक ओढलं की चार खाली येतात.

*

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. जवळच्या एका वर्कशॉपात लोखंडावर चकाकी चढवायचे आणि पिवळं पाणी ओहोळात सोडायचे. त्यात क्रोमियम, म्हणजे विषारी धातू. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "शेतातला फुकटचा कचरा हा धातू शोषून घेतो का, ते बघायचंय. घरून काय मिळेल ते आणा."

मी मयेहून भाताचं तूस आणलं. दुसरी अटेंडंट शालन, पेडण्याची. तिनं नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या काथ्याच्या साली, आणली.

मॅडमनी माझं पोतं बाजूला ठेवलं आणि सोडण हातात घेऊन म्हणाल्या, "वा शालन, काय सुंदर धागा आहे!"

धागा! जशी काय पैठणीच आणली होती तिनं.

*

आणखी तूस लागलं, म्हणून मी घरातलं उरलंसुरलंही नेलं. संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या.

"कोंबड्यांचां अंथरूण व्हेलंस गो! आता तुज्या मॅडमाक सांग, अंडीं तिणेंच घालूंक जाय!"

*

पहिल्या चाचणीत दोन बरण्यांत वर्कशॉपचं पिवळं पाणी भरून एकेकीचा कचरा टाकला, तर शालनच्या बरणीतलं पाणी तांबडंलाल झालं. सोडणाचा रंग सुटला होता. मला इतका आनंद झाला की लपवता येईना.

"शालन, चहा झाला गो! साखर घालू?"

मॅडम म्हणाल्या, "धुतलं नाही नीट. रंग जाईपर्यंत धुवायचं. सात पाणी तरी हवीतच. तुसालाही तोच नियम."

धुतल्यावर तिच्या बरणीतलं पिवळं पाणी नितळ झालं. माझं पिवळं ते पिवळंच. शालननं वाकून पाहिलं.

"लिंबू पिळ गो सुमन. सरबत तरी जातलां!"

*

एक दिवस वर्कशॉपचे साहेब फोटोग्राफर घेऊन आले. मॅडम, साहेब आणि मध्ये शालन, हातात बरणी. ती बरणी घासूनपुसून मी दिली होती!

फोटो आला. त्यात माझं फक्त कोपर.

घरी नवऱ्याला दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"कोपर बरां इलां हां तुजां."

*

शेवटी मॅडम म्हणाल्या, "उद्या दहा वाजता शेवटची चाचणी. जे जिंकेल, ते पिंपात भरून वर्कशॉपात बसवायचं, म्हणजे पाणी त्यातून गाळून बाहेर जाईल. ते बसवायला ते आणणारी माझ्याबरोबर येईल, आणि माझ्या पीएचडीच्या प्रबंधात तिचं नाव छापीन."

छापील पुस्तकात नाव! मॅट्रिकच्या सर्टिफिकेटानंतर माझं नाव कुठं छापलं गेलं नव्हतं. आणि तूसही आता नव्या गिरणीतलं होतं, चांगलं काम करत होतं. दोघी अगदी बरोबरीत आलो होतो.

"पण या खेपेला," मॅडम म्हणाल्या, "शालन तूस धुवेल, सुमन सोडणं. म्हणजे मागाहून रडारड नको. सात पाणी. धुऊन चाळणीत निथळत ठेवा."

मी तिची सोडणं धुवायला बसले. एक पाणी, दोन, तीन. तिसरं पाणी अजून लालसर होतं. मला तो फोटो आठवला. चाळणी उचलली आणि निथळत ठेवली.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"सात," मी म्हटलं.

"माझींय सात," शालन म्हणाली.

घरी आले, अर्धं ताट तसंच ठेवून उठले. पाण्याचा तांब्या उचलला तरी आतलं पाणी लाल दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, "कितें जालां? कोंबडी चोरलंय कोणाची?"

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाले आणि सात वाजता कॉलेजच्या मागच्या नळावर पोचले. नऊच्या बसनं येणारी शालन आधीच तिथं उकिडवी बसली होती. तिच्यापुढच्या बादलीत माझं तूस होतं.

"कितवं पाणी गो?" मी विचारलं.

"चौथां," ती म्हणाली.

मी तिच्या सोडणांची चाळणी आणली, शेजारी बसले आणि चौथं पाणी भरलं.