छत्रीवाल्याच्या घरचा टीव्ही

तिरोड्यापासून बोदलकशाच्या तलावापर्यंत कौलावर, स्लॅबवर, गोठ्याच्या टिनावर जेवढ्या डिशच्या छत्र्या दिसतात, त्यातल्या निम्म्या तरी दुधराम भेंडारकरने बसवलेल्या. आमच्याकडे डिशला डिश कोणी म्हणत नाही. छत्रीच म्हणतात, आणि दुधरामला छत्रीवाला. माणूस पन्नाशीचा, अंगावर मांस नावाला, खिशात कायम नट आवळायचा पाना. शिडी नसली तर पेरूच्या झाडावरून चढेल, पण चढेल.

हे काम एकट्याचं नाही. वर छत्रीवाला, आत टीव्हीसमोर एक जण, आणि आतला आवाज वर पोचत नाही म्हणून मध्ये अंगणात एक जण. वरून हाक, "आलं का गा?" अंगणातला आत विचारतो, आतली म्हातारी सांगते, "नाई आलं," अंगणातला वर पोचवतो, "नाई आलं म्हनते!" दुधराम केसभर हलवतो. मग एकदम सगळं घर ओरडतं, "आलं, आलं! आता नोको हालवू!"

एवढ्या गावांचं चित्र ह्या माणसाने आणून दिलं. त्याच्या घरी चित्र आरशासारखं लख्ख, पण त्याच्यापुढे बसायला कोणी नाही.

बायको राजकुमारी तेवढी साडेसातची मालिका पाहायची, तीही भाकरी थापता थापता, स्वयंपाकघरातून मान वाकडी करून. पोरगा हेमराज वीस वर्षांचा, आयटीआयहून आला की खाटेवर मोबाइल घेऊन आडवा. पोरगी रेणू सतराची, आतल्या खोलीत, कानात इअरफोनची बोंडं घालून. ह्या रेणूला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. पोळा झाला की जायचं. धानाची रोवणी आटोपली, आणि दुधरामने बोटं मोजली तर मध्ये साडेतीन आठवडे.

त्याने त्याच सांजेला जाहीर केलं, "पोट्टी जाईपर्यंत रोज सात ते आठ आपून चौघंई संग बसू. संग जेवू, संग टीव्ही पाहू. एकच घंटा मांगून राहिलो."

"काय पाहाचं जी?" हेमराज म्हणाला.

"काहीबी. सातशे चॅनल हायेत. चौघाईले चालन असं एक नाई भेटन का?"

नाही भेटलं.

पहिल्या दिवशी बातम्या. एका पडद्यावर सहा चौकटी, सहा चौकटीत सहा माणसं, सगळी एकदम भांडत होती. राजकुमारी म्हणाली, "हे तं नळावर फुकट दिसते," आणि उठली. दुसऱ्या दिवशी क्रिकेट. दुसऱ्या षटकात रेणू गेली. तिसऱ्या दिवशी देवाधर्माचं लावलं, तर हेमराज म्हणे, "बाबा, मी म्हतारा झालो का मंग मले आवाज द्या."

चौथ्या दिवशी एक हिंदी पिक्चर लागत होता. कोपऱ्यात लिहिलेलं, सोळा प्लस. दुधराम खूश झाला. इतके दिवस हेच तर शोधत होता. "पाहा बरं! रेणू सतराची, हेमराज विसाचा. सोळाच्या वरचे पोट्टे असलेल्या घरासाठीच बनवलं हाय हे!" पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस मिनिटं बरी गेली. मग हिरोने दाराची कडी लावली. हिरोईनने दिवा मालवला. दुधराम घास तसाच तोंडात धरून उठला.

"सिग्नल हालून राहिला वाटते," म्हणाला, आणि हात न धुताच स्लॅबवर गेला.

वर तो छत्रीजवळ उकिडवा बसून राहिला. चांगला वेळ गेल्यावर खालून हेमराजची हाक आली, "उतरा जी बाबा! मेले ते दोघंई!"

खाली आला तर रेणू ताट उचलत होती. "बाबा, सोळा प्लस म्हनजे बापासंग नाई पाहाचा, असा अर्थ हाय जी."

त्यानंतर त्याने जनावरांचं चॅनल लावलं. जनावरांचं काय वाईट? वाघ निघाला. हेमराज उठून बसला, "असाच तं मामाच्या गावी मोहफुलाच्या वक्ताले दिसला होता!" राजकुमारीही बाहेर आली. वाघ चालला, पाणी प्यायला, गवतात बसला. मग तिकडून वाघीण आली. दुधरामने पाना उचलला.

त्या आठवड्यात तो गिऱ्हाइकांपेक्षा जास्त वेळा स्वतःच्या स्लॅबवर चढला. शेजारच्या सावित्रीबाईने गोठ्यातून विचारलंसुद्धा, "काऊन जी दुधरामभाऊ, तुमच्याच छत्रीले काय रोग झाला?"

"छत्री बरी हाय वहिनी. चॅनलवाल्याइले झाला." चिडून बोलला. चिडायचंच होतं. सातशे चॅनलांत एका घरातली चार माणसं एकत्र बसवायची सोय नाही, आणि हा माणूस जन्मभर हेच विकत आला.

मग दोन दिवस त्याने नादच सोडला. रिमोट राजकुमारीकडे गेला, साडेसातची मालिका सुरू झाली. पुण्याकडचं श्रीमंत घर, सोफ्यावर बसून रडणाऱ्या बायका. दुसऱ्याच दिवशी त्या घरात नवी मोलकरीण आली. नाव भागरता, आमच्याच भागातून आलेली म्हणे, जंगलातून. तिने पदर खोचला, घरच्या मालकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन व मालक, चहा आनू काऊन?"

राजकुमारीच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

आता, आमच्या बोलीत काऊन म्हणजे का. 'चहा आणू का'मधला का नव्हे, 'कशापायी' या अर्थाचा का. आणि बाईमाणसाला 'व', गडीमाणसाला 'गा', मोठ्याला 'जी'. शेंबडं पोरगंही यात चुकत नाही. आणि ही बाई मिशावाल्या मालकाला 'व' म्हणून राहिली होती!

"माय व!" आतल्या खोलीतून रेणू ओरडली. तिने कानातली बोंडं काढून दारात येऊन पाहिलं. "मालकाले 'व' म्हनली का?"

"मालकाले 'व', आन आता पाह्य, मालकिनीले 'गा' म्हनन," हेमराज खाटेवरून म्हणाला.

भागरता मालकिणीकडे वळली. "मी येतो गा बाई!"

राजकुमारी चुलीपासून उठून बाहेर आली आणि घर हसून लोळलं. दुधरामने पाहिलं, चौघंही एकाच खोलीत होती. त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

पुढचे आठ दिवस सात वाजले की ताटं आपोआप लागायची. भागरता बोलली की राजकुमारी तेच वाक्य बरोबर करून टीव्हीलाच ऐकवायची. हेमराज चुका बोटांवर मोजायचा. रेणू नक्कल करायची, तीही अशी की पाणी नाकात जायचं.

दुधराम हसायचा आणि मध्येच तापायचा. "एवढ्या वर्सात आपल्या बोलीची एक बाई टीव्हीत आली, तेबी भांडे घासाले! आपल्याकडं डॉक्टर नाई? मास्तर नाई?"

"मी नर्स होऊन राहिली नं. मंग मले घेतील," रेणू म्हणाली.

"तुलेबी फडकंच देतील. वरून मले 'व' म्हनाले लावतील."

"चूप बसा जी, भागरता आली!"

नवव्या दिवशी मालकिणीची बांगडी हरवली, आळ भागरतावर आला आणि तिला गाठोडं देऊन हाकललं. खरी चोर मालकिणीची जाऊ होती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, त्या घरात कोणाला दिसत नव्हतं. चार दिवस दुधराम वाट पाहत राहिला, आज येईल परत, उद्या येईल. नवी मोलकरीण आली ती पुस्तकासारखं बोलणारी. रेणू दोन मिनिटं थांबली आणि आत गेली. हेमराज आडवा झाला. चौथ्या दिवशी दुधरामने जेवणाचं ताट एकट्यानेच संपवलं.

पोळा दोन दिवसांवर आला होता. रेणूची पेटी दाराशी लागली होती.

सातला तो काही न बोलता स्लॅबवर गेला, नट काढला आणि छत्रीचं तोंड फिरवून दिलं. खाली पडदा निळा पडला असणार. तो वाट पाहत बसला, आता कोणी ओरडेल, बाबा, चित्र गेलं. कोणी ओरडलं नाही. मोबाइलला कुठे छत्री लागते? सावित्रीबाईची म्हैस तेवढी ओरडली. दुधरामने मनात चॅनलवाल्यांना, मोबाइलवाल्यांना आणि स्वतःला अशा शिव्या दिल्या की लिहिता येत नाहीत.

साडेसातला राजकुमारी ओरडली. "अजी, ऐकता का? छत्रीवाल्याच्याच घरी चित्र नाई! माही मालिका गेली नं!"

"पाहून राहिलो!" तो वरून गरजला. "हेमराज, आंगनात उभा राह्य! रेणू, टीव्हीपाशी!"

लहानपणापासून दोघांनी हे काम केलेलं. कुरकुरत का होईना, जागेवर गेली.

"आलं का?"

आतून रेणू, भागरताच्या आवाजात, "नाई आलं व मालक!"

अंगणातून हेमराज, त्याच आवाजात, "नाई आलं म्हनते व मालक!"

दुधरामने छत्री हलवली. "आता?"

"नाई आलं काऊन!"

"नाई आलं काऊन म्हनते काऊन!"

"बापाले 'जी' म्हनत जा रे, गधेहो!" तो ओरडला आणि छत्री आणखी फिरवली. मालिका निम्मी झाली असेल. राजकुमारी पिठाचे हात घेऊन अंगणात आली, वर पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"अजी, छत्रीचं तोंड सावित्रीबाईच्या गोठ्याकडं काऊन हाय?"

दुधरामने खिसा चाचपला. नट त्याच्या खिशात होता.

"आता?" त्याने विचारलं.

आतून जरा उशिरा, पण वरपर्यंत पोचेल असा मोठ्याने आवाज आला. "थोडंसं आलं व मालक! थांबा... गेलं! पुन्हा हालवा!"

गोठ्याकडे तोंड केलेल्या छत्रीत थोडंसंही येत नाही. हे त्याच्या पोरीला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आईचं बोलणंही आत ऐकू गेलं होतं.

दुधरामने छत्री पुन्हा हलवली.