शेवटच्या बाकावरचा लेखक

नेर्लेकर सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लोणी काळभोरच्या आमच्या कॉलेजात त्यांचीच कथा शिकवायची तयारी करत होते. त्या कथेबद्दल त्यांना एक विचारायचं होतं. ते राहूनच गेलं...

ती कथा आम्हालाही अभ्यासाला होती आणि शिकवायला स्वतः सरच. गावाकडचे वडील पुण्यात मुलाकडे राहायला येतात. मुलगा त्यांना नव्या चपला घेतो. परत जाताना ते जुन्याच घालून जातात, नव्या दाराशी राहतात. एवढीच कथा. त्या तासाला सर खुर्ची सोडून शेवटच्या बाकावर बसायचे. "आज लेखक गैरहजर आहे. बोला." तुम्हाला काय म्हणायचं होतं असं कोणी विचारलंच, तर म्हणायचे, "ते छापून झालंय. तुम्ही वाचलंय का?"

वर्गातली मुलं म्हणाली, म्हातारे विसरले. मी वाशिमकडची, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तोवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. पण हे पटेना. उठून म्हणाले, "विसरले नाहीत. मुलाने त्या घेऊन गावी यावं म्हणून ठेवल्या." सर नुसतं "हं" म्हणाले. त्या एका "हं"च्या बळावर मी पुढे शिकले, शिकवायला लागले. पण तो होकार होता का, हे कधी कळलं नाही.

काही दिवसांनी सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनाच विचारलं.

"अगं, ह्यांच्या वडिलांचीच गोष्ट ती. नव्या चपला चावल्या म्हणून टाकून गेले, असं हे धरून चालले होते. तेच लिहिलं."

"म्हणजे माझं चुकलंच, काकू."

"ते मला नाही कळत. पण त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, एक मुलगी भलतंच बोलली आज. आणि रविवारी त्याच चपला पिशवीत घालून गावी गेले. एरवी दिवाळीलासुद्धा जायचे नाहीत."

"वडील काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'चपलांसाठी एवढ्या लांब आलास?' आणि आठवडाभर सोडलं नाही ह्यांना."

गेल्या आठवड्यात मी ती कथा शिकवली. आधी सगळ्यांना बोलू दिलं. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून सांगितलं, की लेखकाच्या मते चपला चावत होत्या.

पुढची एक मुलगी वळून म्हणाली, "मॅम, मग तेच फायनल ना?"

"तुला काय वाटतं?"

"माझे बाबा असते ना, तर..."

ती बोलत राहिली. तिचं झाल्यावर मी "हं" म्हणाले.