काठ्यांना बांधलेले रुमाल

"बँडवाले? पीछे के गेट से."

बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या त्या मोठ्या शाळेच्या वॉचमनने मान वर न करता सांगितलं. मी म्हणालो, "थँक यू, भैया." आणि माझ्या शाळेतल्या आठ मुलांना घेऊन भिंतीला वळसा घातला.

थँक यू म्हणायची मला सवयच. घरातला पहिला पदवीधर मी. कुणी पुस्तकं दिली, कुणी फी भरली. प्रत्येकापुढे वाकत शिकलो. बाबा रायगडात लग्नांत ढोल-सनईचा खालुबाजा वाजवायचे. वाजवून झालं की त्यांना मांडवामागे जेवायला बसवायचे. मी शिकलो ते मांडवात बसायला मिळावं म्हणून.

त्या दिवशी परिसरातल्या शाळांच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची रंगीत तालीम होती. यजमान ती शाळा. त्यांच्याकडे बँडची खोली काचेची. प्रत्येक मुलाला स्वतःचा ड्रम, प्रत्येक ड्रमला कव्हर. बँड शिकवायला वेगळे सर. मी गणित शिकवतो आणि आठवड्यातून एक तास बँड. आमचे तीन ड्रम, झांजा आणि चार बासऱ्या. ड्रमचे पट्टे तुटले, तिथे जुन्या दप्तरांचे बेल्ट शिवलेत. दहावीची मुलं गेली की दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला हेवा वाटला. साधा नाही. वाटलं, त्यांचा एक तरी ड्रम आत्ता, सगळ्यांसमोर फाटावा.

तेवढ्यात त्यांच्या मॅडम आल्या. "सर, तुमची मुलं आमच्या बँडच्या मागे राहतील. फक्त अ‍ॅक्शन करायची. वाजवायचं नाही, हां? साउंड बिघडतो. फोटोत सगळ्या शाळा दिसायला हव्यात."

"हो मॅडम. थँक यू."

आमच्या मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, संचलनात दिसलात तर बँडचा तास राहील, नाहीतर तो स्कॉलरशिपच्या वर्गाला जाईल. मला तास वाचवायचा होता. मी मुलांचे रुमाल मागून घेतले आणि स्वतःच्या हातांनी ड्रमच्या काठ्यांच्या टोकांना बांधले. चुकूनही आवाज नको.

आठवीतली सानिका पहिला ड्रम वाजवते. तिने विचारलं, "सर, आमचं चुकतंय का?"

"नाही."

"मग?"

मी शेवटची गाठ आवळली. तालीम सुरू झाली. पुढे त्यांचा बँड दणदणत होता. मागे माझी मुलं मान खाली घालून हात हलवत होती. बासऱ्या ओठांना लावलेल्या, फुंकर नाही.

बाबांना निदान वाजवू तरी द्यायचे.

मी रांगेत शिरलो. "सोडा ते रुमाल."

मॅडम धावत आल्या. "सर प्लीज, इथे सीन नको."

"मुलं वाजवतील. नाहीतर उभी राहणार नाहीत."

"मग राहू दे."

राहू दिलं. पुढच्या गेटने बाहेर पडलो, वाजवत. सानिकाचा ठेका दोनदा चुकला. मी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकातून बँड खोडला गेला. आता आम्ही शाळा भरायच्या आधी पाऊण तास मैदानात जमतो.

हेवा गेलेला नाही. त्या काचेच्या खोलीसमोरून रिक्षा जाते तेव्हा छाती जळते. जळू दे. तसे ड्रम माझ्या मुलांनाही हवेत, आणि ते मी मागणार. वाकून नाही. तोवर हे तीन. एक फाटला तर दोन.

रुमाल धुऊन ज्याचे त्याला दिले. काठीला पुन्हा बांधणार नाही. सगळा बँड गेला तरी नाही.