माणसं बाहेर, कोट आत

आमच्या आत्याला देवानं आवाज दिला तो हॉस्पिटलच्या लाँड्रीसाठीच. मोठाली मशीनं धडधडत असताना पार पलीकडच्या टोकाच्या माणसाला नुसत्या हाकेनं दचकवायचं, हे तिनं जन्मभर केलं. पुढे ती निवृत्त झाली, आवाज झाला नाही. माझ्या बाबांना, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाला, चहात साखर किती घालू हेसुद्धा ती शेजारच्या गल्लीला कळेल असं विचारायची. चर्चमध्ये सगळे तिला फौजदार म्हणत, अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिनं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर गावाच्या चादरी धुवायच्या आणि घरी येऊन आणखी एकाच्या? झेपलं नसतं."

डोंगरापलीकडच्या गावात नदी शिरली, त्या रविवारची गोष्ट. आमचे पाळकसाहेब लोण्याहून मऊ. उपासना संपताना त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "ज्याला जे द्यावंसं वाटेल ते त्यानं हॉलमध्ये आणून द्यावं."

पहिल्या बाकावर बसलेल्या आत्यानं तिथंच कपाळावर हात मारून घेतला. "जे वाटेल ते! झालं. आता घरोघरची अडगळ येणार."

आणि तसंच झालं. हॉलमधली जागा संपली तरी पिशव्या येतच होत्या. आत्याला कुणी ही जबाबदारी दिली नव्हती. पण दुसरं कुणी नीट करणार नाही या खात्रीनं तिनं ती ओढवून घेतली आणि मग सगळं माझ्याच गळ्यात म्हणून कुरकुरत बसली. गठ्ठे बांधायला मी होते. माझ्या नवऱ्याचा घरसामान हलवायचा ट्रक आहे, तो मदत घेऊन जाणार होता, म्हणून मीही आपोआप त्या कामाला जुंपले गेले.

"हे बघ," आत्या उंच टाचेचा चंदेरी बूट माझ्यापुढे नाचवत म्हणाली. "गाव पाण्याखाली गेलंय आणि ही बाई त्यांना नाचायला पाठवतेय. तेही एका पायावर!" दुसरा बूट काही सापडला नाही. पुढच्या पिशवीतून पोहण्याचे पोशाख निघाले. ते बघून तर ती खुर्चीतच बसली. हुकांसकट पडदे आले, शर्यतीत मिळालेला पितळी कप आला.

"साहेब, ह्यांना नाही म्हणा," ती पाळकसाहेबांना म्हणाली.

"दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं, बाई?"

"तोंडानं म्हणायचं. मी शिकवू?"

त्याच वेळी आमच्या चर्चमधल्या घड्याळजींची बायको आत आली. घड्याळजी वारून फार दिवस झाले नव्हते. तिच्या हातावर त्यांचा काळा सूट होता, इस्त्री केलेला, वर स्वच्छ कापड घातलेला. "ह्यांचा आहे," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखा आहे."

आत्या तोवर पुरती वैतागली होती. "वा! चिखल उपसताना घालायला छानच आहे," ती बोलून गेली. मग जीभ चावली, पण आवाज हॉलभर फिरून आला होता. घड्याळजींच्या बायकोनं सूट टेबलावर ठेवला, त्याची बाही सरळ केली आणि निघून गेली.

निघायच्या दिवशी मिशन समितीचे सेक्रेटरी मोठा प्लास्टिकचा फलक घेऊन आले. त्यावर 'प्रेमाची भेट' असं बारीक अक्षरात आणि आमच्या चर्चचं नाव हातभर अक्षरात. पूर्वी ते बँकेत मॅनेजर होते. ट्रकवर फलक तिरका लागला म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला तो परत परत बांधायला लावला. "लोकांना कळलं पाहिजे कोण आलंय ते," ते म्हणत होते.

"पुरात बुडालेल्यांना आता तेवढंच कळायचं राहिलंय," आत्या म्हणाली आणि पाळकसाहेबांना सरकवत ट्रकमध्ये चढली.

मग आम्ही गावात शिरलो. घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती, जणू कुणी सगळ्या गावाला मिळून एकच पट्टा ओढलाय. फाटकांवर गाद्या वाळत पडल्या होत्या. एक माणूस मोडक्या गाडीच्या आरशात बघून दाढी करत होता.

तिथल्या चर्चच्या आवारात ताडपत्र्या ताणून कुटुंबं राहत होती. बायका विटांवर स्वयंपाक करत होत्या, म्हातारी माणसं ओल्या जमिनीवर बसली होती. तिथले पाळक वयानं लहान, पायात दोन वेगळ्या रंगांचे गमबूट. आमचा ट्रक बघून त्यांनी "आभारी आहोत" म्हटलं, पण दात उपटून घ्यायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं.

"कुठं उतरवायचं?" आत्यानं विचारलं.

त्यांनी हॉलचं दार ढकललं. ते पुरतं उघडलंच नाही. आत कपडे होते. खिडक्यांच्या वरपर्यंत कपडे. कोट, फ्रॉक, टोप्या, सगळं एकात एक गुंतलेलं, आणि त्याला ओलीचा वास सुटलेला.

आत्यानं एकदा आत पाहिलं, एकदा आवारात पाहिलं. मग तिचा लाँड्रीतला आवाज बाहेर पडला. "माणसं बाहेर आणि कोट आत?"

आवारातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मी काय करू, बाई?" तरुण पाळक पायरीवर मटकन बसले. "रोज कुणी ना कुणी गाडी घेऊन येतं. फोटो काढतात, प्रार्थना करतात, उतरवून जातात. नाही म्हटलं आणि उद्या खरंच काही लागलं तर कोण येईल? मी पहिल्या दिवशी फावडी मागितली होती. अजून एकही आलेलं नाही."

आमच्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली. आमच्या ट्रकमध्येही फावडं नव्हतं.

आत्या पाय आपटत आवाराच्या टोकाला गेली. तिथे एक जाडजूड बाई टबात रजई तुडवत होती. टबातलं पाणी कॉफीसारखं झालं होतं. आत्यानं ट्रकमधून एक ब्लँकेट ओढून आणलं.

"हे घ्या. कोरं आहे."

"नको."

"अहो, त्या रजईला गटाराचा वास येतोय."

"येऊ दे. माझी आहे."

"फेकून द्या ती. उगाच कशाला हट्ट?"

बाईचे पाय थांबले. "घर गेलं. कपाट तरंगत गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. येतो तो म्हणतो, फेकून द्या. माझ्या आईनं शिवलेली एवढी एक राहिली आहे. ती फेका म्हणणाऱ्या तुम्ही कोण?"

"मग धुवा तरी नीट!" आत्या ओरडली. "तुडवून चिखल आत बसवताय!" आणि बाह्या सरसावून तिनं रजईचं एक टोक धरलं. दोघी भांडत भांडत ती पिळायला लागल्या. आत्यानं हॉस्पिटलच्या सवयीनं असा काही पीळ दिला की टर्रकन आवाज झाला, शिवण उसवली आणि ओला कापूस बाहेर आला.

"हेच शिकवायला आलात का?" बाईनं विचारलं.

आत्या लालबुंद झाली. तिनं सुईदोरा मागितला आणि तिथेच दगडावर बसून उसवलेलं शिवू लागली. बाई शेजारी उभी राहून टाके मोठे पडताहेत म्हणून सांगत होती. तेवढ्यात कुणीतरी चिखलानं कडक झालेला शाळेचा गणवेश आणून समोर धरला. "हा धुवून मिळेल का?" मग दुसरी एक बाळाची दुपटी घेऊन आली. दाढी करणारा माणूस बायकोचा लग्नातला झगा पोत्यातून घेऊन आला. कोट हवाय असं एकानंही म्हटलं नाही.

टाका तोडून आत्या उठली आणि ट्रककडे आली. "एकही गठ्ठा उतरवायचा नाही. उलट त्या हॉलमधलं जेवढं मावेल तेवढं ह्यात भरायचं. माणसांना आत जागा करून द्या."

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "अहो बाई, मी मंडळीला काय सांगू?"

"खरं सांगा. तुमचं कामच आहे ते."

पाळकसाहेबांनी अंगातला कोट काढून हॉलमधला पहिला गठ्ठा स्वतः उचलला. माझ्या नवऱ्यानं कुणाला न विचारता ट्रकवरचा फलक सोडला आणि एका गळक्या ताडपत्रीवर नेऊन बांधला. प्लास्टिक चांगलं जाड होतं. ट्रकच्या टपावरही गठ्ठे रचले, तेव्हा ऊन उतरायच्या आत निम्मा हॉल मोकळा झाला आणि म्हाताऱ्या माणसांना फरशीवर अंथरुणं मिळाली.

पुढच्या रविवारी जे व्हायचं ते झालं. कपडे परत आल्याचं पाळकसाहेबांनी सांगून टाकलं. काही जण उठून निघून गेले. "दान कधी परत येतं का?" सेक्रेटरी दारात उभे राहून सगळ्यांना विचारत होते. "आणि तो फलक कुठं आहे?"

काळा सूट घेऊन आत्या स्वतः घड्याळजींच्या घरी गेली. मी बरोबर होते. दार उघडलं.

"चिखलात नाही वापरला?" घड्याळजींच्या बायकोनं विचारलं.

"माझं तोंड फाटकं आहे," आत्या म्हणाली. माझ्या ऐकण्यातलं तिचं सगळ्यात हळू आवाजातलं वाक्य. "चुकलं माझं."

घड्याळजींच्या बायकोनं सूट घेतला आणि दार लावून घेतलं. घरी येईपर्यंत आत्या, बसासुद्धा म्हटलं नाही, बसासुद्धा म्हटलं नाही, असं पुटपुटत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग तिनं मंडळीच्या सभेत आपली मागणी मांडली. बंद पडलेल्या एका हॉटेलची धुलाईची मशीनं मालक फुकट द्यायला तयार होता. ती ट्रकवर बसवायची, जनरेटर लावायचा आणि त्या गावात नेऊन लोकांचे कपडे धुवून द्यायचे.

सेक्रेटरी उठले. "मिशन म्हणजे देवाचा शब्द पोहोचवणं. आपण काय लाँड्री आहोत का?"

"मी आहे," आत्या म्हणाली.

सभेत कुणीतरी हसलं. आणि पाळकसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा एक बाजू घेतली. "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले," ते म्हणाले. "चादरींना त्याची हरकत असेल असं मला वाटत नाही."

मंडळीतल्या प्लंबरनं मशीनं बसवली. पहिल्याच चाचणीला चर्चच्या पायऱ्यांवरून फेस वाहत रस्त्यापर्यंत गेला आणि आत्यानं प्लंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण गाडी गेली. निघायच्या सकाळी घड्याळजींची बायको स्वतःची इस्त्री घेऊन हजर झाली. "मला इस्त्री येते," एवढंच ती माझ्याकडे बघून म्हणाली. आत्यानं तिला सामानाच्या पेटीवर बसायला जागा करून दिली. आजही दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर काम करतात आणि चिमटा द्या, पाणी शिंपडा, यापलीकडे एकमेकींशी बोलत नाहीत.

गाव पुन्हा उभं राहीपर्यंत आमची गाडी तिथे जात राहिली, या वेळी फावडीही घेऊन. रजईवाल्या बाईनं आत्याला धड धन्यवाद दिले नाहीत, पण प्रत्येक फेरीला आत्याच्या रांगेतली सगळ्यात पुढची बादली त्या बाईचीच असायची.

पुढच्या वर्षी एका खाणीच्या वस्तीवर दरड कोसळली. तिकडचे लोक आमच्या धर्माचे नव्हते. तरी गाडी गेली आणि या खेपेला सेक्रेटरीही आले, खरं मिशन कुठं होतंय ते बघायला. पोचल्या पोचल्या पाण्याचा पाइप फुटला. बँकेचे माजी मॅनेजर प्लंबरशेजारी मशीनखाली चिखलात आडवे पडले आणि बाहेर आले तेव्हा ओळखू येत नव्हते. रांगेतली एक म्हातारी त्यांच्याकडे बघून हसली. वस्तीत त्या दिवशी मी ऐकलेलं तेवढंच हसू.

दुपारी ते हात पुसत आत्याकडे आले. सकाळचा तोरा उतरला होता. "त्या म्हातारीचा मुलगा अजून सापडलेला नाही. ती विचारतेय, माझ्याजवळ बसून प्रार्थना करशील का म्हणून. करू ना?"

आत्याच्या दोन्ही हातांत ओल्या चादरीची टोकं होती आणि मागे मशीन पुन्हा बंद पडत होतं.

"करा की! ते काय मला विचारायचं?" ती ओरडली. "तिचं धुणं इथंच आहे, ते घेऊन जा. आणि प्रार्थना करता करता घड्या घाला."

सेक्रेटरींनी टोपली उचलली. म्हातारीशेजारी लाकडी फळीवर बसले. त्यांना घडी नीट घालता येत नव्हती, म्हणून एक टोक तिनं धरलं.